साधनवर्णनाचे गद्य : एआय एजंटांसाठी लिहिल्या जाणाऱ्या वर्णनांची लक्षणमीमांसा

प्रास्ताविक

संगणकाला दिली जाणारी आज्ञा आणि माणसासाठी लिहिले जाणारे गद्य या दोन गोष्टी दीर्घकाळ एकमेकींपासून वेगळ्या राहिल्या. आज्ञावलीची भाषा कृत्रिम आणि तिचे व्याकरण काटेकोर. तीत एक चिन्ह चुकले तरी यंत्र अडून बसे. गद्य मात्र नैसर्गिक भाषेत लिहिले जाई आणि त्यातील उणीव वाचक आपल्या समजुतीने भरून काढी. भाषा-मॉडेलांच्या प्रसारानंतर ही विभागणी पूर्वीसारखी राहिलेली नाही. आज साध्या भाषेतील चार ओळींचा परिच्छेद वाचून यंत्र कृती करते. पत्र पाठवते, नोंद बदलते, फाईल पुसून टाकते. अशा परिच्छेदांपैकी एक महत्त्वाचा प्रकार म्हणजे एआय एजंटासाठी लिहिलेले साधनाचे वर्णन होय.

या वर्णनांचा विचार प्रामुख्याने संगणकतज्ज्ञांनी केला आहे. वस्तुतः हा प्रश्न भाषेचा आणि अर्थनिर्णयाचा आहे. व्याख्या कोठे चुकते, शब्दांपासून वाक्यार्थ कसा सिद्ध होतो, आज्ञा आणि स्तुती यांत भेद कोणता, या प्रश्नांची सूक्ष्म चर्चा न्याय आणि मीमांसा या शास्त्रांनी केली आहे. मराठी समीक्षेला ही परिभाषा परकी नाही. प्रस्तुत लेखात तिच्या आधारे साधनवर्णन या गद्यप्रकाराची चिकित्सा केली असून, साधनाची मर्यादा नेमकेपणाने सांगणे हेच अशा वर्णनाचे प्रमुख कार्य आहे, असे प्रतिपादन केले आहे.

साधनवर्णनाचे स्वरूप आणि त्याचा वाचक

भाषा-मॉडेल स्वतः केवळ मजकूर निर्माण करते. कोणते साधन कोणत्या माहितीसह चालवावे, हे ते ठराविक आकृतिबंधात लिहून देते. प्रत्यक्ष साधन चालवण्याचे काम त्याच्याभोवतीची आज्ञावली करते आणि मिळालेले फलित पुन्हा मॉडेलपुढे ठेवते. हाती घेतलेले काम पूर्ण होईपर्यंत हे चक्र चालू राहते. अशा रीतीने काम करणाऱ्या व्यवस्थेस एजंट असे म्हटले जाते.

या व्यवस्थेचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. विचार आणि कृती यांचा क्रम आलटून पालटून चालवण्याची ‘रिअ‍ॅक्ट’ नावाची पद्धत २०२२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ आणि गूगल येथील संशोधकांनी मांडली. जून २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या मॉडेलांना बाहेरील कार्ये पुकारण्याची सोय उपलब्ध करून दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यामुळे एकाने तयार केलेले साधन दुसऱ्याच्या एजंटाला जोडता येऊ लागले. या शेवटच्या टप्प्याचे महत्त्व भाषेच्या दृष्टीने विशेष आहे. साधन लिहिणारा आणि एजंट चालवणारा एकमेकांना ओळखत नाहीत, अशी स्थिती तीमधून निर्माण झाली. त्यांच्यामध्ये दुवा उरला तो वर्णनाचा.

सामान्यतः साधनाची तीन अंगे मॉडेलपुढे ठेवली जातात : नाव, वर्णन आणि पॅरामीटरांची यादी. यादीत प्रत्येक पॅरामीटरचे नाव, त्याचा प्रकार आणि त्याचे छोटेसे वर्णन असते. साधनाच्या अंतर्भागात काय चालते, ते कोणत्या संगणकावर चालते, ते का तयार केले गेले, यांपैकी काहीही मॉडेलला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने साधन म्हणजे साधनाविषयीचे शब्दच होत.

हा वाचक माणसापेक्षा दोन बाबतींत वेगळा आहे. पहिली बाब अशी की, तो वर्णनकर्त्याला प्रश्न विचारू शकत नाही. कार्यालयात नव्याने रुजू झालेला लिपिक परिपत्रकातील संदिग्ध ओळ घेऊन शेजारच्या टेबलाकडे जातो. आणि त्या शेजाऱ्याला परिपत्रकात न लिहिलेली प्रथा ठाऊक असते. एजंटाला फार तर वापरकर्त्याला विचारता येते. परंतु साधनाच्या अंतर्भागाविषयी वापरकर्ताही बहुधा तितकाच अनभिज्ञ असतो. दुसरी बाब अशी की, तो अनेक साधनांची वर्णने एकाच वेळी वाचतो. त्याच्यापुढील मजकुराची जागा मर्यादित असते आणि प्रत्येक वर्णन त्या जागेत वाटेकरी असते. म्हणून साधनवर्णन सुटे वाचून त्याचे मूल्यमापन करता येत नाही. ते कोणत्या इतर वर्णनांच्या शेजारी येणार आहे, याचाही विचार करावा लागतो.

लक्षणदोष आणि साधनाची सीमा

न्यायशास्त्रात लक्षण म्हणजे लक्ष्य वस्तूचा असाधारण धर्म. ज्या धर्मामुळे ती वस्तू इतर सर्व वस्तूंपासून वेगळी ओळखता येते, तो धर्म. अशा लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. लक्ष्याच्या काही भागाला लक्षण लागू न पडणे ही अव्याप्ती, लक्ष्याबाहेरच्या वस्तूलाही ते लागू पडणे ही अतिव्याप्ती आणि लक्ष्याला ते मुळीच लागू न पडणे हा असंभव. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावरील दीपिकेत यासाठी गाईचे उदाहरण घेतले आहे. कपिल वर्ण हे गाईचे लक्षण केले तर पांढरी गाय सुटते, शिंगे असणे हे केले तर म्हैसही आत येते आणि एकच अखंड खूर असणे हे केले तर एकही गाय त्यात बसत नाही.

साधनवर्णनाच्या चिकित्सेला ही त्रयी जशीच्या तशी उपयोगी पडते. उदाहरणादाखल एका महाविद्यालयीन ग्रंथालयासाठी तयार केलेल्या साधनाचे पुढील कल्पित वर्णन पाहावे. (प्रचलित प्रणालींत साधनाचे नाव बहुधा रोमन अक्षरांत द्यावे लागते, वर्णन मात्र मराठीतही लिहिता येते. येथे सोयीसाठी नावेही मराठीत दिली आहेत.)

‘ग्रंथशोध : ग्रंथालयातील माहिती शोधण्यासाठी उपयुक्त व शक्तिशाली साधन. पॅरामीटर : मजकूर.’

वरवर पाहता यात असत्य काही नाही. तरीही हे वर्णन अतिव्याप्तीचा ठळक नमुना आहे. ‘ग्रंथालयातील माहिती’ या शब्दसमूहात ग्रंथांच्या नोंदी येतात, तशीच नियतकालिके, प्रबंध, ग्रंथालयाच्या वेळा, विलंबशुल्काचे दर आणि एखाद्या विद्यार्थ्याकडे असलेली पुस्तकेही येतात. ‘ग्रंथालय शनिवारी किती वाजता बंद होते?’ असा प्रश्न आल्यास एजंट हेच साधन चालवील. मिळालेल्या रिकाम्या उत्तरावरून काही निष्कर्ष काढील. आणि तो निष्कर्ष ठाम स्वरात सांगितला जाण्याची शक्यता मोठी आहे. माणसाला अशा वेळी जी शंका येते, ती येण्यासाठी लागणारी सामग्री वर्णनाने पुरवलेलीच नसते.

अतिव्याप्ती टाळण्यासाठी वर्णन अतिशय आखडून घेतले, तर अव्याप्ती उद्भवते. ‘शीर्षकावरून ग्रंथ शोधते’ एवढेच लिहिले आणि प्रत्यक्षात लेखक, विषय व वर्गांक यांवरूनही शोध घेता येत असला, तर साधनाचे तीन-चतुर्थांश सामर्थ्य वाचकापासून लपून राहते. असंभवाचा प्रकार वेगळ्या कारणाने घडतो. साधन बदलते, वर्णन मात्र जुनेच राहते. पूर्वी ग्रंथाची उपलब्धता सांगणाऱ्या साधनातून ती सोय काढून टाकली, पण वर्णनातील वाक्य काढले नाही, तर लक्षण लक्ष्याला सोडून उभे राहते. हा दोष आळसातून येतो आणि तिन्ही दोषांत तो शोधायला सर्वांत कठीण असतो. कारण वर्णन वाचून तो कधीच कळत नाही.

वरील वर्णनाचे सुधारित रूप पुढीलप्रमाणे करता येईल :

‘ग्रंथशोध : ग्रंथालयाच्या तालिकेतील छापील ग्रंथांच्या नोंदी शीर्षक, लेखक, विषय किंवा वर्गांक यांवरून शोधते. नियतकालिके आणि प्रबंध यांच्या नोंदी या तालिकेत नाहीत. नियतकालिकांसाठी “नियतकालिकशोध” वापरावे. ग्रंथ सध्या कपाटात आहे की नाही, हे या साधनातून कळत नाही. त्यासाठी येथे मिळालेला दाखल क्रमांक “ग्रंथस्थिती” या साधनाला द्यावा. लेखकाचे नाव ग्रंथावर छापले आहे तसे नोंदवलेले आहे. टोपणनाव आणि मूळ नाव यांची सांगड घातलेली नाही. एका वेळी जास्तीत जास्त २० नोंदी मिळतात.’

या दुसऱ्या वर्णनातील वाक्ये मोजली तर असे दिसते की, साधन काय करते हे सांगण्यास एक वाक्य पुरले. उरलेली सर्व वाक्ये ते काय करत नाही, कोठे थांबते आणि तेथून पुढे कोठे जावे, हे सांगतात. वर्णनाचा कस या उरलेल्या वाक्यांत आहे. पहिले वाक्य नावावरूनही बरेचसे कळले असते. ‘सांगड घातलेली नाही’ हे मात्र कोणत्याही तर्काने कळले नसते. कुसुमाग्रज या नावाने शोध घेणाऱ्या एजंटाला वि. वा. शिरवाडकर या नावाखालील नाटके मिळणार नाहीत, ही गोष्ट मराठीच्या प्राध्यापकाला ठाऊक असते आणि भाषा-मॉडेललाही ही दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे माहीत असण्याचा संभव असतो. परंतु तालिका तशी सांगड घालते की नाही, हे ज्ञान जगाविषयीचे नसून त्या विशिष्ट तालिकेविषयीचे आहे. ते वर्णनातूनच यावे लागते.

विधी, निषेध आणि अर्थवाद

मीमांसकांनी वेदवाक्यांची विभागणी करताना विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद असे पाच भाग मानले. त्यांपैकी विधी, निषेध आणि अर्थवाद हे तीन येथे प्रस्तुत आहेत. विधी कर्तव्य सांगतो, निषेध अकर्तव्यापासून परावृत्त करतो आणि अर्थवाद स्तुती किंवा निंदा करून विधी-निषेधांना बळ देतो. अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य नाही. तो विधीशी जोडला गेला तरच सार्थ होतो, हा मीमांसेचा सिद्धांत आहे.

‘उपयुक्त व शक्तिशाली साधन’ हे शब्द या दृष्टीने निखळ अर्थवाद आहेत. ते कोणत्याही विधीशी जोडलेले नाहीत. माणसासाठी लिहिलेल्या जाहिरातीत अशा शब्दांना वाचक सवयीने वगळतो, म्हणून ते निरुपद्रवी ठरतात. साधनवर्णनात ते निरुपद्रवी राहत नाहीत. दोन साधनांपैकी एक निवडण्याचा प्रसंग आला असता, ‘सर्वांत अचूक’ किंवा ‘नेहमी प्रथम वापरावे’ असे शब्द निवडीवर प्रभाव टाकू शकतात. म्हणजे ज्या वाक्यात माहिती नाही, तेच वाक्य निर्णय घडवते. जाहिरातीची सवय घेऊन आलेल्या लेखणीपासून या गद्यप्रकाराला असलेला धोका येथे स्पष्ट होतो.

विधीचेही प्रकार आहेत. जे काम अन्य कोणत्याही मार्गाने कळले नसते ते सांगणारा अपूर्वविधी आणि अनेक मार्ग उपलब्ध असताना त्यांपैकी एकच नेमून देणारा नियमविधी, हा भेद विशेष उपयोगाचा आहे. भाताचा तूस काढण्याचे अनेक मार्ग असताना तो कांडूनच काढावा, हे नियमविधीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. साधनांची संख्या वाढली की त्यांची कार्यक्षेत्रे एकमेकांवर चढतात. विद्यार्थ्याचा पत्ता ‘विद्यार्थीनोंद’ या साधनातूनही मिळतो आणि ‘शुल्कनोंद’ यातूनही. दोन्ही वर्णने आपापल्या जागी निर्दोष असूनही एजंट गोंधळतो. कारण दोहोंत नियमविधी नाही. ‘पत्ता “विद्यार्थीनोंद” मधूनच घ्यावा, “शुल्कनोंद” मधील पत्ता प्रवेशाच्या वेळचा असतो’ एवढे लिहिले की प्रश्न मिटतो. येथे विधीबरोबर त्याचे कारणही दिले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कारण कळले तर वर्णनकर्त्याने न कल्पिलेल्या प्रसंगातही वाचकाला योग्य दिशा मिळते. एखाद्याला प्रवेशाच्या वेळचाच पत्ता हवा असेल, तर तो कोठे मिळेल हेही त्याच वाक्यातून कळते.

निषेधाचा विचार मात्र सावधपणे करावा लागतो. ‘वापरकर्त्याच्या संमतीशिवाय नोंद रद्द करू नये’ हे वाक्य वर्णनात असणे आवश्यक आहे. रद्द झालेली नोंद परत मिळवता येते की नाही, हे सांगणारे वाक्य त्याहून आवश्यक आहे. तरीही निषेधवाक्य म्हणजे कुलूप नव्हे. मीमांसेतील निषेधही अधिकारी पुरुषाला परावृत्त करतो. त्याचे हात बांधत नाही. जी कृती कोणत्याही परिस्थितीत होता कामा नये, तिचा अधिकारच एजंटाला दिलेला नसावा. ती व्यवस्था भाषेने नव्हे, तर परवानग्यांच्या रचनेने करावी लागते. साधनवर्णनाच्या सामर्थ्याविषयी बोलताना ही मर्यादा विसरली, तर भाषेवर तिच्या आवाक्याबाहेरचा भार टाकल्यासारखे होईल.

आकांक्षा, योग्यता, सन्निधी : पॅरामीटरांची भाषा

वाक्यार्थाचे ज्ञान होण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी ही तीन कारणे आवश्यक असतात, असे तर्कसंग्रहात म्हटले आहे. एका पदाला पूर्ण होण्यासाठी दुसऱ्या पदाची असलेली अपेक्षा म्हणजे आकांक्षा, पदार्थांच्या परस्परसंबंधात बाधा नसणे म्हणजे योग्यता आणि पदे विलंबावाचून जवळजवळ उच्चारली जाणे म्हणजे सन्निधी. एजंट साधन चालवतो तेव्हा तोही एक वाक्यच रचत असतो. साधनाचे नाव हे त्यातील क्रियापद आणि पॅरामीटर ही त्याची कारके, असे मानले तर अनेक नित्याच्या चुका या तीन कारणांच्या अभावातून समजावून घेता येतात.

‘मजकूर’, ‘माहिती’, ‘क्रमांक’, ‘दिनांक’ अशी पॅरामीटरांची नावे सर्रास आढळतात. अशा नावांनी आकांक्षा पूर्ण होत नाही. ‘क्रमांक’ म्हटल्यावर कोणाचा, हा प्रश्न उरतो : विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक, परीक्षेचा आसन क्रमांक, की ग्रंथाचा दाखल क्रमांक? ‘दाखल_क्रमांक’ असे नाव दिल्याने वर्णनाचे अर्धे काम होते. ‘दिनांक’ या शब्दाने योग्यतेचा प्रश्न उभा राहतो. ०५/०६ ही नोंद भारतात ५ जून अशी वाचली जाते आणि अमेरिकेत ६ मे अशी. जुन्या मराठी ग्रंथांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्यांपैकी अनेकांवर प्रकाशनवर्ष शालिवाहन शकात छापलेले असते. शके १८१० म्हणजे इ. स. १८८८-८९. तालिकेत कोणती कालगणना नोंदवली आहे हे वर्णनात नसेल, तर एजंट १८८८ हे वर्ष देईल, नोंद सापडणार नाही आणि ग्रंथच नाही असे उत्तर जाईल. कोणीही खोटे बोललेले नसताना असत्य उत्तर तयार होण्याची ही रीत आहे.

या स्वरूपाचे दोन प्रत्यक्ष अनुभव अँथ्रोपिकच्या अभियंत्यांनी नोंदवले आहेत. पहिला डिसेंबर २०२४ मधील लेखात आहे. आज्ञावलीतील दोष दुरुस्त करणारा त्यांचा एजंट मूळ फोल्डर सोडून दुसरीकडे गेला की फाईलचा सापेक्ष पत्ता चुकवीत असे. मुळापासूनचा संपूर्ण पत्ता देणे साधनाने सक्तीचे केले, तेव्हा ही चूक थांबली. याच कामात एकंदर सूचनांपेक्षा साधनांवर अधिक वेळ खर्च झाल्याचेही त्यांनी म्हटले आहे. दुसरा अनुभव सप्टेंबर २०२५ मधील लेखात आहे. आंतरजालावर शोध घेणाऱ्या साधनाला प्रश्न देताना मॉडेल त्यात विनाकारण ‘२०२५’ हे वर्ष जोडत असे आणि त्यामुळे शोधाचे फलित एकांगी होई. वर्णनात सुधारणा करून ही सवय घालवण्यात आली. पहिल्या प्रसंगी पॅरामीटरची अट बदलली, दुसऱ्या प्रसंगी वर्णनाचे शब्द बदलले. दोन्ही ठिकाणी मॉडेल तेच राहिले, हे येथे महत्त्वाचे आहे.

सन्निधीचा संबंध फलिताशी येतो. साधनाने परत दिलेला मजकूर हा वर्णनाचाच उत्तरार्ध मानला पाहिजे. कारण पुढील पाऊल त्यावरूनच ठरते. प्रिन्स्टन येथील संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या ‘एसडब्ल्यूई-एजंट’ या प्रणालीत याचा काळजीपूर्वक विचार दिसतो. तीमध्ये फाईलचा मजकूर एका वेळी १०० ओळींच्या खिडकीतून दाखवला जातो, व्याकरणदृष्ट्या सदोष बदल तत्काळ नाकारून त्याचे कारण सांगितले जाते आणि आज्ञा यशस्वी होऊनही तिचे काही फलित नसेल, तर तसे स्पष्ट शब्दांत कळवले जाते. ही शेवटची सोय लहान वाटली तरी तिच्यामागील दृष्टी मोठी आहे. मौन हे माणसाला संमतीचे लक्षण वाटू शकते; यंत्राला त्याचा कोणताही अर्थ लावता येतो. ‘त्रुटी क्रमांक ४’ असा निरोप आणि ‘दाखल क्रमांकात केवळ अंक असावेत, वर्गांक येथे चालत नाही’ असा निरोप यांत केवळ शिष्टाचाराचा फरक नाही. दुसरा निरोप चूक घडली त्याच ठिकाणी तिची दुरुस्तीही शिकवतो.

आप्तवाक्याचा प्रश्न

शब्द हे प्रमाण होते ते आप्ताने उच्चारल्यामुळे. आणि आप्त म्हणजे यथार्थ वक्ता. साधनवर्णनाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. एजंटापुढे वर्णन येते ते वक्त्याच्या ओळखीवाचून आणि त्यातील वाक्ये सूचनांच्या शेजारीच ठेवली जातात. वर्णन लिहिणारा आप्त आहे, असे जणू गृहीतच धरलेले असते.

या गृहीताचा दुरुपयोग कसा होऊ शकतो, हे ‘इन्व्हेरिअंट लॅब्स’ या संस्थेच्या संशोधकांनी एप्रिल २०२५ मध्ये दाखवून दिले. त्यांनी दोन संख्यांची बेरीज करणारे एक निरुपद्रवी साधन तयार केले आणि त्याच्या वर्णनात, वापरकर्त्याच्या संगणकावरील गोपनीय फाईल वाचून तिचा मजकूर एका पॅरामीटरमधून पाठवावा, अशी सूचना घातली. वापरकर्त्याला पडद्यावर बेरजेचे साधन दिसे. मॉडेलला संपूर्ण वर्णन दिसे. वर्णन हे दोन वाचकांसाठी दोन वेगळे मजकूर होऊ शकते, हे या प्रयोगाचे मर्म आहे. येथे भाषा अस्पष्ट नव्हती. किंबहुना ती फार स्पष्ट होती. स्पष्टता हा गुण वक्त्याच्या प्रामाणिकपणाची जागा घेऊ शकत नाही.

मार्च २०२५ मधील सुधारणेनुसार मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधन केवळ वाचणारे आहे की नाश घडवू शकणारे आहे, हे कळवण्यासाठी वेगळ्या खुणांची तरतूद झाली. मात्र विश्वासू स्रोताकडून आलेल्या नसतील तर या खुणांवर विसंबू नये, असेही त्या संकेतातच सांगितले आहे. स्वतःच्या शब्दाचे प्रामाण्य स्वतःच्या शब्दाने सिद्ध होत नाही, या जुन्याच तत्त्वाचा हा स्वीकार आहे. त्यातून व्यवहारात एक अपेक्षा निष्पन्न होते : एजंटाला दिसणारे संपूर्ण वर्णन माणसालाही दिसले पाहिजे आणि ते त्याला वाचता आले पाहिजे.

काही आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मॉडेले दिवसेंदिवस अधिक समर्थ होत आहेत. मग वर्णनाची एवढी चिंता कशासाठी? सामर्थ्याने तर्क सुधारतो, हे मान्य केले तरी तालिकेत शक कालगणना आहे की इसवी सन, हे तर्काने कळण्यासारखे नाही. समर्थ एजंट चुकीच्या गृहीतावरून अधिक पावले पुढे जाऊ शकतो, एवढाच त्यातील भेद.

दुसरा आक्षेप लाघवाचा आहे. जागा मर्यादित असताना विस्तृत वर्णन परवडत नाही. सूत्रशैलीच योग्य, असे म्हटले जाईल. परंतु सूत्राला भाष्य आणि गुरुपरंपरा गृहीत असते. त्यांच्यावाचून सूत्र दुर्बोध होते. साधनवर्णनाच्या वाचकाजवळ भाष्य नाही. म्हणून येथे लाघव साधायचे ते अर्थवाद आणि पुनरुक्ती गाळून. सीमा सांगणारी वाक्ये गाळून नव्हे. साधनेच फार झाली असतील, तर वर्णने आखडण्यापेक्षा साधनांची संख्या कमी करणे आणि निकटची कामे एकत्र आणणे हा अधिक योग्य मार्ग होय.

तिसरा आक्षेप पद्धतीविषयीचा आहे. यंत्राला माणसाप्रमाणे शाब्दबोध होतो का, हा प्रश्न अनिर्णित असता न्याय-मीमांसेची परिभाषा त्याला लावणे कितपत युक्त? या आक्षेपात तथ्य आहे. मॉडेल शब्दांचे संबंध संभाव्यतेने जुळवते. शाब्दबोधाचे नैयायिक वर्णन त्या प्रक्रियेचे वर्णन ठरत नाही. म्हणून वरील परिभाषा यंत्राच्या अंतरंगाला लावलेली नसून लिहिलेल्या मजकुराला लावली आहे. अतिव्याप्ती हा वर्णनाचा दोष आहे. वाचक कोण, यावर त्याचे अस्तित्व अवलंबून नाही. वाचक कोण, यावर त्याचे परिणाम अवलंबून आहेत. परिणामांची परीक्षा मात्र प्रयोगानेच करावी लागते : प्रत्यक्ष कामे एजंटाला देऊन, त्याने कोणते साधन निवडले, कोणता पॅरामीटर चुकवला, हे पाहून वर्णन पुन्हा लिहावे लागते. मजकुराची चिकित्सा चूक कोठे असू शकते हे दाखवते. ती प्रयोगाला पर्याय नाही.

निष्कर्ष

१. साधनवर्णन हा विधी, निषेध आणि लक्षण यांचा संगम असलेला गद्यप्रकार आहे. त्याची गुणवत्ता वाचकाच्या कृतीवरून ठरते.

२. साधन काय करते हे सांगणे सोपे असते. ते काय करत नाही, कोठे थांबते, कोणत्या शेजारच्या साधनाकडे जावे आणि मौनाचा अर्थ काय घ्यावा, हे सांगण्यात वर्णनकर्त्याची कसोटी लागते.

३. अर्थवादाचे शब्द अशा वर्णनात केवळ निरर्थक नसतात. ते निवड बिघडवू शकतात.

४. निषेधवाक्ये परवानग्यांच्या रचनेला पर्याय ठरत नाहीत आणि स्पष्टता ही आप्तत्वाला पर्याय ठरत नाही.

उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमांत पत्रलेखन, वृत्तलेखन, जाहिरातलेखन यांना स्थान मिळालेले आहे. त्यांच्या पंक्तीला हा प्रकार बसवण्यास हरकत नसावी. विद्यार्थ्याला परिचयाचे एखादे काम, जसे परीक्षेचा अर्ज भरणे किंवा ग्रंथ आरक्षित करणे, घेऊन त्याचे वर्णन प्रश्न विचारू न शकणाऱ्या वाचकासाठी लिहावयास सांगितले, तर भाषेच्या नेमकेपणाचे जे शिक्षण त्यातून होईल ते यंत्राच्या उपयोगापुरते मर्यादित राहणार नाही. परिपत्रके, नियमावल्या आणि सूचनाफलक यांचा मानवी वाचकही अनेकदा प्रश्न विचारू न शकणाराच असतो. त्याच्या अडचणी आजवर त्याच्या अज्ञानाच्या खाती जमा झाल्या. यंत्राला अज्ञानाबद्दल दोष देऊन भागत नाही; तेथे मजकूरच दुरुस्त करावा लागतो. हा न्याय माणसालाही लावला जावा, ही अपेक्षा या अभ्यासातून रास्त ठरते.